वॉरंटी गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

हॉस्टेलवर दोन विषय कधीच संपत नाहीत. एक मेसची भाजी आणि दुसरा गाड्या. मेसच्या भाजीवर आजवर भरपूर लिहून झालंय, याही अंकात कोणीतरी लिहिलं असेलच, म्हणून मी दुसरा विषय घेतो. रात्री अकरानंतर मेकॅनिकलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावा. कोणीतरी कोणाच्या तरी दादाच्या गाडीच्या रीमॅपची गोष्ट रंगवून सांगत असतो. "अरे, लॅपटॉप जोडला, तासाभरात काम झालं, गाडी नुसती पळतेय!" मग कोणीतरी हळूच विचारतो, "आणि वॉरंटी?"

इथे रूममध्ये सरळ दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, वॉरंटी गेली, विषय संपला. दुसरा म्हणतो, काही होत नाही राव, सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी जुना प्रोग्रॅम परत टाकायचा, कोणाला कळतंय?

मंडळी, मला वाटतं दोन्ही पक्ष अर्धंच बोलतात. मागच्या उन्हाळ्यात ट्रेनिंगसाठी मी कोल्हापूरच्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये सहा आठवडे होतो. त्यातले तीन आठवडे वॉरंटीच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून काढले. कंपनीचं नाव इथे सांगत नाही. जे पाहिलं ते कुठल्याही कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दिसू शकलं असतं. पण त्या स्टुलावर बसून जे कळलं ते सांगायच्या आधी थोडं टेक्निकल बोलावं लागेल. सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये, सोपं करून सांगतो!

आजच्या डिझेल गाडीत ॲक्सिलरेटरचा पेडल थेट इंजिनला जोडलेला नसतो. पाय दाबला की पेडल फक्त ईसीयूकडे अर्ज करतो. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, टर्बोने हवा किती दाबायची, हे ईसीयू ठरवतो. त्यासाठी त्याच्याकडे पाढ्यांसारखे तक्ते असतात. एका बाजूला इंजिनचा वेग, दुसऱ्या बाजूला पेडल किती दाबलाय, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत डिझेलचा आकडा. या तक्त्यांनाच 'मॅप' म्हणतात. टर्बोच्या दाबाचा मॅप वेगळा, डिझेलच्या दाबाचा वेगळा, धूर किती चालेल त्याचा वेगळा आणि जास्तीत जास्त टॉर्क किती द्यायचा त्याचाही वेगळा. रीमॅप करणारा डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला लॅपटॉप जोडून हेच आकडे बदलतो.

दुसरा प्रकार म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. तो ईसीयूच्या आत जात नाही, बाहेर बसून थापा मारतो. डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची वायर मध्येच पकडतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतो. ईसीयू बिचारा दाब कमी पडला समजून आणखी वाढवतो. डिझेल जास्त जातं, ताकद वाढते.

आता खरा प्रश्न. नुसते आकडे बदलून ताकद वाढते, तर कंपनीने ती आधीच का दिली नाही? कंपनीत काय बुद्दू बसलेत?

याचं उत्तर आपल्या रांजणगावला बनलेल्या एका इंजिनात आहे. फियाटचं १.३ मल्टिजेट! १२४८ सीसीचं हे डिझेल इंजिन भारतात इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून ते गेलं, पण रस्त्यावर अजून ढिगाने दिसतं. २००७ च्या स्विफ्टमध्ये ते ७५ हॉर्सपॉवरचं होतं. २०१२ च्या अर्टिगामध्ये तेच १२४८ सीसीचं इंजिन ९० चं झालं. म्हणजे १५ हॉर्सपॉवर वाढवून दाखवली खुद्द कंपनीनेच. पण कशी? फक्त आकडे बदलून भागलं नाही. ७५ वाल्यात साधा टर्बो होता, ९० वाल्यात व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो आला. म्हणजे इंजिन बनवणाऱ्यांनाच १५ हॉर्सपॉवरसाठी टर्बो बदलावासा वाटला, आणि ट्यूनिंगवाले त्याच ७५ वाल्या इंजिनातून जुन्याच टर्बोवर तेवढी ताकद काढून द्यायचे. निघायची, हेही खरं. मग ती येत कुठून होती?

मशीन डिझाईनच्या व्हायव्हामध्ये हमखास येणारा प्रश्न आठवा. फॅक्टर ऑफ सेफ्टी का घेतात? आपण सगळे पोपटासारखं सांगतो की मटेरियलमध्ये दोष असू शकतो, लोडचा नेमका अंदाज नसतो, वगैरे वगैरे. गाडीच्या बाबतीत ते 'वगैरे' फार मोठं आहे. तीच गाडी मे महिन्यात नागपूरच्या उन्हात चालणार आणि लेहच्या विरळ हवेतही चालणार. हवा विरळ झाली की तेवढाच दाब मिळवायला टर्बोला आणखी जोरात फिरावं लागतं. छोट्या गाडीच्या टर्बोचा वेग आधीच मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो, त्यावर हे! कोणी एअर फिल्टर वेळेवर बदलणार नाही, कोणी भेसळीचं डिझेल भरेल, कोणी सात माणसं आणि टपावर सामान घेऊन घाट चढवेल. शिवाय कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या लाखभर इंजिनांपैकी काही थोडी कमजोरच असणार. या सगळ्यांना पुरून उरावं म्हणून कंपनी शिल्लक ठेवते. रीमॅप करणारा ती शिल्लक काढून तुमच्या हातात देतो. पैसे कुठून आले? आपल्याच पासबुकातून! रोज खर्च झाले तर अडचणीच्या दिवशी खात्यात काही नसणार, एवढंच.

आता वर्कशॉपकडे येतो.

ट्रेनिंगच्या चौथ्या आठवड्यात एक डिझेल एसयूव्ही टो होऊन आली. आंबा घाटात बंद पडली होती. दोन वर्षं जुनी, ४१ हजार किलोमीटर झालेली, म्हणजे तीन वर्षांच्या वॉरंटीत आरामात बसणारी. तक्रार अशी की आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग मागून निळा धूर आणि मग ताकदच गेली. मालक गुळाचे व्यापारी, साठीच्या आसपासचे. सोबत त्यांचा मुलगा, साधारण माझ्याच वयाचा. मालक वेटिंग रूममध्ये निवांत चहा घेत बसले. गाडी वॉरंटीत आहे, मग काळजी कसली?

वॉरंटी इनचार्ज सरांनी मला सोबत घेतलं आणि म्हणाले, "काय रे, रिपोर्ट लिहिशील? जे दिसेल ते लिही, जे वाटेल ते लिहू नको." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय.

टर्बोचा पाईप काढला. आतल्या चाकाच्या पात्यांची टोकं घासलेली. शाफ्ट बोटाने हलवला तर चक्क डुगडुगत होता. मी लगेच म्हणालो, "सर, ऑइल मिळालं नसेल." सर म्हणाले, "मग दाखव." ऑइलचा पाईप काढून पाहिला, स्वच्छ. ऑइलची पातळी बरोबर. सर्व्हिसिंगच्या नोंदी पाहिल्या, ऑइल प्रत्येक वेळी वेळेवर बदललेलं. एअर फिल्टर ठीक, म्हणजे धूळ आत गेली नव्हती. मग स्कॅनर लावला. बूस्ट ठरलेल्यापेक्षा जास्त झाल्याचा कोड तीन वेळा नोंदलेला. आणि ईसीयूमधल्या प्रोग्रॅमचा पडताळणी क्रमांक कंपनीच्या यादीतल्या क्रमांकाशी जुळेना. टर्बो त्याच्या कुवतीपेक्षा जास्त फिरवला गेला होता.

मी लिहीत होतो तेव्हा तो मुलगा बाजूला आला. हळूच म्हणाला, "तू पण इंजिनिअरिंगचाच ना? तेवढं प्रोग्रॅमचं लिहू नको राव. आमच्या दादांना माहीतच नाही." दादा म्हणजे वडील. रीमॅप त्याने परस्पर केला होता. गाडी घाटात अचानक बंद पडली, त्यामुळे जुना प्रोग्रॅम परत टाकायला वेळच मिळाला नव्हता.

खरं सांगतो, मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. उद्या हॉस्टेलमधला कोणी मित्र हेच म्हणाला असता. पण पडताळणी क्रमांक मी डोळ्यांनी पाहिला होता. मी म्हणालो, "लिहावं तर लागेल. पण दादांना माझ्या रिपोर्टमधून कळण्याआधी तू सांग." तो बराच वेळ तसाच उभा राहिला आणि मग वेटिंग रूमकडे गेला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. नंतर मालक बाहेर आले आणि मला एवढंच विचारलं, "बाळ, खरं सांग, यात कंपनीचा काही दोष आहे का?" मी म्हणालो, "काका, ऑइल, फिल्टर सगळं तपासलं. दोष तिथे सापडला नाही." त्यांनी मान हलवली. टर्बोचं बिल साठ हजारांच्या घरात गेलं आणि ते त्यांनीच भरलं.

इथपर्यंत ऐकून पहिला पक्ष म्हणेल, बघा, आम्ही सांगत होतो, वॉरंटी गेली! थांबा. त्याच जॉब कार्डावर दुसरी एक तक्रार होती, मागच्या दाराची काच खाली जात नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "गाडी मॉडिफाय केलेली आहे, अख्खी वॉरंटीच ब्लॉक करून टाकू." सर म्हणाले, "रीमॅपमुळे काच कशी अडकली ते मला लिहून दे, मी सही करतो." ॲडव्हायझर गप्प. काचेची मोटर वॉरंटीत बदलली गेली.

त्याच आठवड्यात आणखी एक गाडी आली. तिच्या वॉटर पंपमधून पाणी गळत होतं. मालकाने फक्त बाहेरच्या कंपनीचा एअर फिल्टर बसवला होता. तिथेही काउंटरवर पहिलं उत्तर तेच मिळालं, "बाहेरचा पार्ट आहे, वॉरंटी मिळणार नाही." तो माणूस ऐकून परत निघालाही होता! सरांनी त्याला हाक मारून थांबवलं. एअर फिल्टर कुठे, वॉटर पंप कुठे? क्लेम मंजूर झाला. पण सर त्या दिवशी रजेवर असते तर? गेली असती वॉरंटी, काही कारण नसताना. असे किती लोक काउंटरवरूनच परत जात असतील, कोण जाणे.

म्हणून म्हणतो, 'वॉरंटी गेली' हे वाक्यच अर्धवट आहे. कशाची गेली आणि का गेली, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

हे काही एकट्या सरांचं मत नाही. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण त्या आदेशातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारा, असं आयोगाने म्हटलं. आदेश दुरुस्तीबद्दल होता, रीमॅपबद्दल नव्हे. पण विचार तोच. जेवढं नुकसान ज्या कारणाने झालं तेवढंच त्या कारणाच्या खात्यावर.

एमएससाठी अमेरिकेत गेलेल्या सीनियर्सकडून आणखी एक गोष्ट हॉस्टेलवर पोचलेली आहे, "तिकडे कायदाच आहे, काहीही बसवा, वॉरंटी जात नाही." तो कायदा म्हणजे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी ॲक्ट. आमच्याच ब्रँडचा पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीने घालू नये, असं तो सांगतो. पण बाहेरच्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल तर त्याचा खर्च कंपनीने करावा, असं तो कुठेही म्हणत नाही. सीनियर्सच्या गोष्टीत नेमका हा दुसरा भाग गळतो. त्याच अमेरिकेत फोक्सवॅगन आणि आऊडीच्या डीलरकडे 'टीडी१' नावाचा शेरा प्रसिद्ध आहे. ईसीयूशी छेडछाड झाल्याचं आढळलं की तो शेरा गाडीच्या नावावर चढतो आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम मिळवणं मोठं कठीण होऊन बसतं.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. जुना प्रोग्रॅम परत टाकला की कळत नाही म्हणणारे. बऱ्याच ईसीयूंमध्ये प्रोग्रॅम किती वेळा लिहिला गेला याची मोजणी राहते, काहींमध्ये शेवटची तारीखही राहते. कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये प्रोग्रॅमिंगची नोंद नाही आणि ईसीयू म्हणतोय दोन वेळा झालं, मग हिशेब जुळणार कसा? बॉक्स काढून ठेवला तरी वायरच्या सॉकेटवर खुणा राहतात. आणि समजा काहीच सापडलं नाही, तरी घासलेली पाती थोडीच पूर्ववत होतात? शिवाय आपण इंजिनिअर होणार आहोत. बिघाडाचं कारण शोधणाऱ्याला मुद्दाम चुकीचा डेटा देणं हे आपल्याला तरी शोभत नाही.

मग करायचं काय? सरांनी मला एक साधी पद्धत शिकवली. ती आपल्या फ्री बॉडी डायग्रामसारखीच आहे. कागदावर टॉर्कचा रस्ता काढायचा. सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जळलं, दाब आणि उष्णता वाढली. मग रस्त्यात कोण कोण येतं? इंजेक्टर, पिस्टन, टर्बो. पुढे क्लच, गिअरबॉक्स, ड्राईव्हशाफ्ट. धूर वाढला म्हणून बीएस-६ गाडीतला डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर. या रस्त्यावरचा भाग बिघडला तर रीमॅपवर संशय घेणं रास्त आहे. स्टिअरिंग, एसी, काचा, रंग, म्युझिक सिस्टिम या रस्त्यावर येत नाहीत, त्यांची वॉरंटी का जावी? मात्र रस्त्यावरचा भाग आहे म्हणून दोष सिद्ध झाला असंही नाही. रीमॅप केलेल्या गाडीचा इंजेक्टर भेसळीच्या डिझेलनेही जातो. तिथे उघडून बघावं लागतं, आम्ही ऑइलचा पाईप काढून पाहिला तसं. क्लेम नाकारला तर ग्राहकाने लेखी कारण मागावं. कोणता भाग, काय दिसलं, बदलाशी संबंध काय. लेखी कारण हातात असलं तर पुढे ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तोंडी 'वॉरंटी गेली' घेऊन कुठे जाणार?

वॉरंटीपलीकडच्या दोन गोष्टीही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि विमा कंपनीपासून बदल लपवला तर अपघाताच्या वेळी तिथेही वाद उभा राहतो. तो वाद साठ हजारांत मिटेलच असं नाही.

कोणी म्हणेल, हा तर ट्यूनिंगच्या विरोधात प्रचार झाला. अजिबात नाही! आपली बाहाची टीम रात्र रात्र जागून ट्यूनिंगच तर करते. व्होल्वो स्वतः 'पोलस्टार' नावाने जास्त ताकदीचा प्रोग्रॅम विकत असे आणि तो टाकला तरी कंपनीची वॉरंटी कायम राहत असे. आकडे तिथेही बदलायचेच. फरक एवढाच की ते आकडे तपासून त्याखाली सही करणारा कोणीतरी होता. वॉरंटी म्हणजे तरी काय? आम्ही हे यंत्र या आकड्यांवर तपासलंय, या मुदतीत बिघडलं तर आमची जबाबदारी, ही सही. आकडे आपण बदलले की त्या रस्त्यावरच्या भागांसाठी सही आपली. रीमॅप करून देणाऱ्याला विचारून बघा, तुमच्या मॅपमुळे टर्बो गेला तर भरून द्याल का, लेखी द्या. तो हसायला लागला तर सही कोणाची आहे ते समजून जा. मग वॉरंटी संपल्यावर करा, घरच्यांना सांगून करा, एका टर्बोचे पैसे बाजूला ठेवून करा.

आपल्यातले बरेच जण वर्षा-दोन वर्षांत चाकणला, रांजणगावला, नाशिकला नोकरीला लागतील. कोणी वॉरंटीच्या टेबलावर बसेल, कोणी स्वतःचं ट्यूनिंगचं दुकान टाकेल. टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसलात तरी समोरच्या माणसाला 'वॉरंटी गेली' किंवा 'काही होत नाही' असं मोघम सांगून वाटेला लावू नका. गाडी उघडा, बघा आणि कारण लिहून द्या. चार वर्षं आपण एवढ्यासाठीच तर शिकतोय.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी